भिजवलेलं गवत

ओबो नावाचं एक वाद्य आहे. वेस्टर्न क्लासिकलची मैफल सुरू व्हायच्या आधी सगळा ऑर्केस्ट्रा एका सुरावर जुळवून घेतो ना, तो सूर हाच ओबो देतो. मुंबईत एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा (२००६ साली सुरू झालेला) एखादा कार्यक्रम ऐकला असेल तर हा सूर तुमच्या कानावरून गेलेला असणार. सनईचा हा युरोपातला चुलतभाऊ. साधारण १६६० च्या सुमारास, चौदाव्या लुईच्या दरबारातल्या वादक-कारागिरांच्या घराण्यांनी त्याला आजच्या रूपाच्या जवळ आणलं.

आता गंमत अशी, की ओबो वाजवणारा माणूस निम्मा सुतार असतो. वाद्य लाख-लाख रुपयांचं असलं तरी आवाज निघतो तो तोंडात धरायच्या दोन पातळ पात्यांतून. आणि ही पाती बनतात गवतापासून! शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स, बोरूसारखी उंच, पोकळ कांडी. सगळ्यात नावाजलेली कांडी येते दक्षिण फ्रान्समधल्या व्हार या भागातून. हिवाळ्यात तोडायची, उन्हात वाळवायची, वर्ष-दोन वर्षं मुरू द्यायची. मग कांडीचे उभे तीन भाग करायचे, पाण्यात भिजवायचे, आतून कोरत कोरत जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर आणायची. पुन्हा भिजवायचं, आकार द्यायचा, मधोमध दुमडायचं, धातूच्या नळीवर दोऱ्याने करकचून बांधायचं, टोक कापून दोन पाती सुटी करायची आणि तासत बसायचं. एवढं सगळं करून ती रीड टिकते आठवडा, फार तर दोन आठवडे. वाजवायच्या आधी परत काही मिनिटं पाण्यात. कमी भिजली तर चिरते, जास्त भिजली तर तोंड वासते आणि सूर फाटतो.

सनईचंही तेच. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या (१९१६-२००६) जन्मगावाकडे, डुमरांवच्या बाजूला, सोन नदीच्या काठी नरकट नावाचं गवत उगवतं, त्याची पत्ती करतात. ओबोची पात दुमडून करतात, सनईची पत्ती म्हणजे मुळातली नळीच, एका टोकाला दाबून चपटी केलेली. लग्नात सनईवाला बसलेला असतो तेव्हा नीट बघा, सनईला दोऱ्याने दोन-तीन जादा पत्त्या लटकवलेल्या दिसतील. बॅकअप! आणि वाजवायच्या आधी तो पत्ती तोंडात धरून ओली करतो. घसा साफ करतोय असं आपल्याला वाटतं, तो खरं तर गवत भिजवत असतो.

एवढा सगळा प्रपंच गवतासाठी का? कारण कोरडं गवत ठिसूळ असतं. पेशींच्या भिंतीत पाणी शिरलं की तंतू एकमेकांवर थोडे सरकू शकतात. मग वाकवा, दुमडा, तासा. पुन्हा वाळलं की दिलेला आकार धरून बसतं. उष्णता नको, केमिकल नको, फक्त पाणी आणि वेळ. मला तर हे जगातलं सगळ्यात जुनं मटेरियल इंजिनिअरिंग वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, हा शनिवारी सकाळी फ्रान्स आणि बिहार का घेऊन बसला? तर मंडळी, मी मूळचा वर्ध्याचा. आणि वर्ध्याकडे गवत भिजवण्याचा जो इतिहास आहे, तो ओबोपेक्षा कमी रंजक नाही. फक्त त्यातलं गवत जरा मोठं आहे... बांबू.

हो, बांबू हे गवतच. ऊस, ज्वारी, अरुंडो डोनॅक्स आणि बांबू, सगळे एकाच कुळातले. पावसाळ्यात जमिनीतून कोंब येतो, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि पुढची दोन-तीन वर्षं फक्त आतून घट्ट होत जातो. झाडासारखा वर्षागणिक जाड होत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा आणि बोरच्या बाजूच्या डोंगराळ रानात, आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर भरपूर, हा बांबू आहे. जास्त करून मानवेल, जवळपास भरीव असणारा. आणि काही ठिकाणी काटेरी कटांग.

हे गवत ज्यांच्या हातातून जायचं ते म्हणजे बुरूड. सूप, टोपली, परडी, दुरडी, धान्य साठवायची ढोली, कुडाचे ताटवे, लग्नातली झाल... जन्मापासून तिरडीपर्यंत गावाला बांबू पुरवणारी ही जात. बुरडाचं कौशल्य विणण्यात असतं असं आपण धरून चालतो. विणणं हा शेवटचा टप्पा झाला. खरं काम आधीच झालेलं असतं: कुठला बांबू घ्यायचा, कधी तोडलेला, किती ओला. ताजा हिरवा बांबू सुऱ्याने सरळ चिरत जातो, त्याच्या कागदासारख्या पातळ कामट्या निघतात. वाळलेला बांबू मधेच फुटतो. मग तो पाण्यात टाकायचा, आणि तरी हिरव्याची सर येत नाही ती नाहीच.

दुसरं भिजवणं कीड टाळण्यासाठी. बांबूच्या पेशींत पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. बारीक भुंगेऱ्यांना ते फार आवडतं. घरातल्या बांबूच्या वस्तूखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडलेली दिसते, ती त्यांचीच करामत. आता पिष्ट वर्षभर सारखं नसतं. नवे कोंब वाढवायला बेट आपला साठा वापरतं, म्हणून पावसाळा संपल्यावर पिष्ट कमी आणि उन्हाळ्यात, कोंब यायच्या आधी, जास्त. म्हणून बांबू हिवाळ्यात तोडायचा, तोही तीन वर्षांच्या पुढचा. पुष्कळ ठिकाणी कृष्ण पक्षातच तोडायचा असंही सांगतात. पक्षाचं काय ते सोडा, पण हंगामाचं गणित पक्कं आहे.

तरीही जे पिष्ट उरतं ते काढायला बांबू नाल्यात किंवा तळ्यात दगडाखाली दाबून ठेवायचा. महिनाभर, कधी दोन-तीन महिने. साखर पाण्यात विरघळून जाते, पिष्ट जिवाणू खाऊन टाकतात. पाणी साचलेलं असेल तर घाण वास येतो, वाहतं असेल तर काम स्वच्छ होतं. बाहेर काढून सावलीत उभा करून वाळवायचा. भुंगेऱ्याच्या दृष्टीने आता त्या ताटात जेवणच उरलेलं नसतं. अर्थात वाळवी आणि पाऊस यांच्यापुढे ही युक्ती फारशी चालत नाही, तेही सांगायला हवं.

तिसरं भिजवणं आलं १९३४ नंतर, आणि इथे वर्ध्याचा इतिहास सुरू होतो.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी वेगळी संस्था काढायचा ठराव झाला आणि १४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला, त्याला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. हा माणूस म्हणजे एक प्रकरणच. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबियात शिकलेला, मुंबईत ऑडिटची प्रॅक्टिस असलेला. आजच्या भाषेत परदेशात डिग्री घेऊन, सेट झालेलं करिअर सोडून तालुक्याच्या गावी आलेला प्रोफेशनल. आणि येऊन काय करायचं, तर तेलघाणी, मधमाश्या, गूळ, चामडं, हातकागद!

हातकागद म्हणजे पुन्हा भिजवणंच. चिंध्या, रद्दी, ताग असला माल चुन्याच्या किंवा सोड्याच्या पाण्यात मुरवायचा, कुटून लगदा करायचा, हौदात कालवून जाळीने उचलायचा, दाबायचा आणि वाळवायचा. बुरूड गवताचे तंतू सरळ राहावेत म्हणून भिजवतो, कागदी ते पार सुटे व्हावेत म्हणून. महाराष्ट्रात ही विद्या नवीन नव्हती. जुन्नर, खुलताबादजवळचं कागजीपुरा, पुण्यातलं कागदीपुरा, ही नावंच सगळं सांगतात. मगनवाडीत के. बी. जोशी यांनी तिला प्रयोगाची शिस्त लावली. संघाचं 'ग्रामउद्योग पत्रिका' हे मासिक हातकागदावर छापलं जायचं. पुणेकर वाचकांनी शिवाजीनगरची हातकागद संस्था पाहिली असेल, ती १९४० ची, आणि तीही याच जोशींच्या खटपटीतून उभी राहिलेली. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते आजही वर्ध्यात आहे. तिकडे १९३६ पासून शेगाव (१९४० पासून सेवाग्राम) इथे माती, लाकूड, बांबू आणि कवेलूंची घरं उभी राहत होती. कुटीत गेलात तर जरा मान वर करून छप्पर बघा.

पण कुमारप्पांना फक्त कागद कसा करायचा एवढाच प्रश्न पडत नव्हता. त्यांचा प्रश्न होता, कच्चा माल कोणाचा? 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिलं, १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात निसर्गातल्या अर्थव्यवस्थांची प्रतवारी आहे. सगळ्यात खालची पायरी परजीवी, म्हणजे ज्याच्यावर जगायचं त्यालाच मारणारी. सगळ्यात वरची सेवेची. जंगल सरकारी महसुलासाठी चालवायचं नसतं, लोकांच्या गरजा बघून चालवायचं असतं, हा त्यांचा आग्रह होता.

योगायोग बघा. त्याच १९४५ साली, त्याच वर्धा नदीच्या काठी, खाली बल्लारपूरला एका कागद कारखान्याची कंपनी नोंदवली गेली. पुढे ती देशातल्या सगळ्यात मोठ्या कागद कंपन्यांपैकी एक झाली. कागद कशाचा? तर बऱ्याच अंशी आपल्या या गवताचा. म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात एका बाजूला हाताने उचललेला कागद, दुसऱ्या बाजूला यंत्रावरचा अखंड रोल, आणि मधे सूप विणणारा बुरूड. तिघांनाही भिजवण्यासाठी तंतूच हवे होते.

मग ते मिळायचे कोणाला? इथे येतो कायदा. भारतीय वन अधिनियम, १९२७. कलम २, पोटकलम ७. त्यात 'झाड' या शब्दाची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत ताड, बांबू, झुडपं, वेत असं सगळं बसवलेलं आहे. म्हणजे वनस्पतिशास्त्रात गवत, कायद्यात झाड! आपण सॉफ्टवेअरवाले याला काय म्हणू? चुकीचा डेटा टाइप. एका ओळीत डिक्लेअर केलेला, आणि त्याच्यावर पुढे नव्वद वर्षं सगळी सिस्टीम उभी. झाड तोडायला परवानगी लागते. झाड वाहून न्यायला पास लागतो. बुरूड त्याच्या आजोबांच्या रानात गेला तर तो आता लाकूडचोर ठरू शकतो.

कागद कारखान्यांना मात्र सरकारशी दीर्घ मुदतीचे करार करता येत. यातलं सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण शेजारच्या कर्नाटकातलं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीच्या कारखान्याला १९५८ पासून बांबू मिळायचा टनाला दीड रुपया दराने. दीड रुपया! बाजारात बुरुडांना पडणारा भाव याच्या कित्येक शे पट होता. सत्तरच्या दशकात टोपल्या विणणाऱ्यांनी आरडाओरडा केला की रानातला बांबू संपत चाललाय. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला गेला आणि आपले पुण्याचे माधव गाडगीळ त्या कामाला लागले.

त्यांना काय दिसलं ते फार मजेशीर आहे. एक, रानात बांबू किती आहे याचे सरकारी अंदाज जवळपास दहापट फुगवलेले होते. दोन, कटांग बांबूच्या बेटाला बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. वनखात्याला वाटायचं की या काट्यांमुळे बेटात गर्दी होते, वाढ खुंटते. म्हणून ते साफ करायचे. गावकरी सांगायचे, नका काढू. अभ्यासात कळलं की ते काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचं कुंपण होतं. कुंपण गेल्यावर गुरं आणि वानरं कोंब फस्त करायची, आणि बेट मरायचं. म्हणजे ज्याला डिग्रीवाल्यांनी कचरा समजून डिलीट केलं, ते सिस्टीमचं फायरवॉल निघालं. जुन्या कोडमधली न कळलेली ओळ काढायच्या आधी ती कोणी आणि का लिहिली हे विचारावं म्हणतात ना, त्यातला प्रकार.

आपल्या महाराष्ट्रात सरकारने नोंदणी केलेल्या बुरुडांना सवलतीत बांबू द्यायची सोय केली. चांगली गोष्ट आहे. पण डेपोत रचून ठेवलेला बांबू हिरवा राहत नाही. आणि वर सांगितलंच, वाळका बांबू चिरत नाही. फाईलवर 'बांबू दिला' असं लिहिलं की प्रश्न संपतो, सुऱ्याखाली मात्र तो तसाच राहतो. ओबोवाल्याला कोणी दहा वर्षं जुनी, भेगा पडलेली कांडी दिली आणि वाजव म्हटलं, तर?

ही गाठ सुटायला सुरुवात झाली ती आमच्या पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्याशा गोंड गावातून. वन हक्क कायदा २००६ चा. त्यात 'गौण वनोपज' या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात गौण उपज. २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला निघाले तर वाहतुकीचा पास कोण देणार? खातं म्हणे, बांबू झाड आहे. गाव म्हणे, आम्ही कायदा वाचलाय. देवाजी तोफा आणि त्यांची ग्रामसभा हटली नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. देशात पहिल्यांदाच.

आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला, पाठोपाठ कायद्यातही दुरुस्ती झाली. कलम २(७) मधून 'बांबू' हा एक शब्द काढला. नव्वद वर्षांनी एक वर्ड डिलीट! जंगलाबाहेरच्या, म्हणजे शेतातल्या बांबूला आता या कायद्याने झाड म्हणता येत नाही. (त्या यादीत वेत मात्र अजून आहे, बिचारा.) पण जंगलातला बांबू वनोपज म्हणून अजूनही वनखात्याच्या नियमांत आहे, जिथे सामूहिक हक्क मिळाला ती गावं सोडून. आणि बहुतेक बुरडांकडे बांबू लावायला स्वतःचं शेतच नाही. म्हणजे बग फिक्स झाला, पण ज्याने तक्रार केली होती त्याच्या मशीनवर पॅच पोचलाच नाही.

वर्ध्यात मधल्या काळात भिजवण्याचं काम थांबलं नव्हतं. सत्तरच्या दशकात देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं, दत्तपूरला. प्रयोगशाळेतलं विज्ञान गावच्या मापाचं करायचं, हा त्याचा हेतू. माती आणि बांबूच्या स्वस्त घरांवर तिथे काम झालं. मगनवाडीतल्या जुन्या संशोधन संस्थेचं रूपांतर महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झालं. आता बांबू टिकवायला नुसत्या पाण्याऐवजी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं द्रावण वापरतात. प्रमाण साधारण एकास दीड. तंतूंत बोरॉन शिरलं की भुंगेरा आणि वाळवी दोघंही दूर. पण पावसात ते धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराखाली हवा, जमिनीत गाडायचा नाही. तत्त्व मात्र जुनंच: गवताच्या आत जे आहे ते पाण्याच्या मदतीने बदलायचं आणि थांबायचं.

सगळं एकत्र ठेवून बघितलं की मला एक गोष्ट खटकते. ओबोची रीड करणाऱ्याला आपण कलाकार म्हणतो. तो अर्धा दिवस कांडी भिजवत बसतो याचं कौतुक होतं, त्यावर पुस्तकं लिहिली जातात, जाडीचे आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजले जातात. बुरूड तेच करतो. तोही हंगाम बघतो, वय बघतो, ओल बोटाने मोजतो. पण त्याचं ज्ञान 'पारंपरिक' म्हणून एका शब्दात गुंडाळलं जातं, त्याची जात सांगितली जाते, जाडी कोणी मोजत नाही. फ्रान्समधल्या वादकाला कांडी शेतातून विकत मिळते, तिला कोणी झाड म्हटलं नाही. बुरडाला हातातल्या कसबाइतकीच गरज होती ती रानात शिरायच्या वाटेची, आणि तीच त्याच्यापाशी नव्हती.

आपल्या ऑफिसात हल्ली 'सस्टेनेबल' म्हणून बांबूचे टूथब्रश आणि पेनस्टँड वाटतात. छान आहेत, मीही वापरतो :) पण पुढच्या वेळी हातात आला की त्याला एवढं जरूर विचारा: हे गवत कोणाच्या रानातलं, कोणी भिजवलं, आणि त्याला त्याचे किती मिळाले?

आणि वर्ध्याला कधी आलात, तर सेवाग्राम बघून लगेच परत फिरू नका. मगन संग्रहालयात तासभर काढा. कुमारप्पांचा प्रश्न तिथे अजून तसाच मांडून ठेवलेला आहे.